‘ती कमावते ना?’ : महाराष्ट्र मंडळांच्या शिष्यवृत्ती समित्यांना खुले पत्र

उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणीला आणि शिष्यवृत्ती समित्यांना,

स. न. वि. वि.

मी १८ वर्षं या देशात नर्स आहे. त्याआधी ६ वर्षं महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयात होते. तिथे पेशंटपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळे ‘सिस्टर’ म्हणायचे, इथे पहिल्या नावाने हाक मारतात. मंडळात मात्र माझी ओळख अजूनही ‘हॉस्पिटलमध्ये असतात त्या’ अशीच करून देतात. मग समोरचा विचारतो, ‘डॉक्टर का?’ मी नाही म्हणते आणि संभाषण हवापाण्यावर जातं. याचं मला आता काही वाटत नाही. हे पत्र दुसऱ्या कारणासाठी आहे.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका मंडळाच्या शिष्यवृत्तीसाठी मी एका मुलीला अर्ज करायला लावला. मुलगी म्हणजे ३१ वर्षांची बाई. महाराष्ट्रात जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका केलेली, मग पोस्ट बेसिक पदवी, मग परीक्षा देत, व्हिसाची रांग काढत इथे आलेली. रात्रपाळी करते. तिला नर्स प्रॅक्टिशनरच्या, म्हणजे स्वतः रुग्ण तपासून औषध लिहून देणाऱ्या नर्सच्या, एमएसएन या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला होता. काही दिवसांनी समितीतल्या एका सद्गृहस्थांचा मला फोन आला. अगदी मनापासून बोलत होते. म्हणाले, “ताई, अर्ज छान आहे हो, पण ती कमावते ना? आपली शिष्यवृत्ती शिकणाऱ्या मुलांसाठी आहे.”

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. मी ‘हो, बरोबर आहे’ असंच काहीतरी पुटपुटले आणि फोन ठेवला. उत्तर सुचायला मला जवळजवळ वर्ष लागलं. ते लांबलचक आहे, म्हणून लिहून काढते आहे. त्या गृहस्थांवर माझा राग नाही. त्यांचं वाक्य मी इतक्या ठिकाणी, इतक्या चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे की ते एकट्याचं राहिलेलंच नाही.

तर, ती कमावते. मग तिला पैसे कशाला लागतात?

फीपासून सुरुवात करत नाही, कारण फी सगळ्यांना दिसते. जे दिसत नाही ते आधी सांगते. नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं तर वर्गातल्या अभ्यासाखेरीज प्रत्यक्ष रुग्ण तपासण्याचे तास भरावे लागतात. २०२२ साली ठरलेल्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे ते किमान ७५० आहेत. आधी ५०० होते. हे तास अनुभवी प्रॅक्टिशनरच्या किंवा डॉक्टरच्या हाताखाली काढायचे असतात. शिकवणाऱ्या त्या व्यक्तीला प्रिसेप्टर म्हणतात. या तासांचा पगार मिळत नाही. उलट त्या तासांची क्रेडिट्स म्हणून आपणच विद्यापीठाला फी भरतो.

आता हिशेब करा. फ्लोअरवरची नर्स आठवड्याला १२ तासांच्या ३ शिफ्ट करते, म्हणजे ३६ तास. ७५० तास म्हणजे तिच्या २१ आठवड्यांचं काम. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाने मे २०२४ साठी नोंदणीकृत नर्सचं मध्यम वार्षिक वेतन ९३,६०० डॉलर दिलं आहे, म्हणजे ताशी ४५ डॉलर. त्या दराने ७५० तासांचे होतात साधारण ३३,७५० डॉलर. क्लिनिकचे तास तिने शिफ्ट सोडून केले तर एवढा पगार बुडतो. शिफ्ट न सोडता केले तर झोप बुडते. सुट्टीच्या दिवशी क्लिनिक, रात्री ड्यूटी, पहाटे चार्टिंग, आणि मधल्या वेळात मुलांचे डबे. मी दुसरा मार्ग धरला होता. त्या दोन वर्षांतलं मला फारसं काही आठवत नाही, आणि माझ्या मुलीला त्यातलं सगळं आठवतं.

इंजिनिअरिंगला जाणारा १८ वर्षांचा मुलगा शिकताना कमावत नाही, म्हणून त्याला मदत लागते हे आपल्याला चटकन पटतं. ३१ वर्षांची बाई शिकायला लागली की तिची कमाई थांबते किंवा निम्म्यावर येते. तिचं घरभाडं, मुलाचं पाळणाघर, गावाकडे पाठवायचे पैसे मात्र थांबत नाहीत. ‘कमावते ना’ हे वाक्य अर्ज करायच्या दिवसापुरतं खरं असतं. क्लिनिक सुरू झालं की ते उरत नाही.

बरं, सरकारी मदत? ‘अमेरिकेत काय, कर्ज मिळतंच’ असं आपण सहज म्हणतो. मिळत होतं, तेही बऱ्यापैकी. पदव्युत्तर विद्यार्थ्याला पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची सरकारी मदत, मिळत नाही, ती फक्त पहिल्या पदवीसाठी असते. शिकत असताना सरकार व्याज भरतं ती सवलतीची कर्जंही पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी १ जुलै २०१२ पासून बंद झाली. उरलं ते डायरेक्ट अनसबसिडाइज्ड लोन, वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंत. ज्या दिवशी पैसे हातात येतात त्या दिवसापासून व्याज चढतं. २०२५-२६ या वर्षासाठी तो दर ७.९४ टक्के होता. म्हणजे पूर्ण रक्कम घेतली तर वर्षभरात १,६०० डॉलरच्या वर नुसतं व्याज, पुस्तक उघडण्याआधीच. आणि ते कमी पडलं तर २००६ पासून ग्रॅड प्लस नावाचं कर्ज होतं. त्याचं व्याज आणखी एक टक्का जास्त, पण फी आणि राहण्याचा खर्च मिळून जेवढा होईल तेवढं ते मिळायचं. माझ्याबरोबरच्या कितीतरी जणी त्याच्यावर तरल्या.

४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने ते दार बंद केलं. १ जुलै २०२६ पासून पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला ग्रॅड प्लस नाही. आधीपासून त्याच अभ्यासक्रमात असून त्यासाठी आधीच कर्ज घेतलेल्यांना काही काळाची सूट आहे, बाकीच्यांना नाही. आता पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,००० डॉलर ही मर्यादा. ‘व्यावसायिक’ पदवीच्या विद्यार्थ्याला मात्र वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,०००.

आता ‘व्यावसायिक’ कोण? शिक्षण खात्याच्या समितीत नोव्हेंबर २०२५ मध्ये ज्या व्याख्येवर एकमत झालं त्यात वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण, कायदा, पशुवैद्यक, नेत्रतपासणी, कायरोप्रॅक्टिक, धर्मशास्त्र, क्लिनिकल सायकॉलॉजी अशी नावं आहेत. नर्सिंग नाही. धर्मशास्त्राबद्दल मला आदर आहे. रात्री तीन वाजता चॅप्लनला, म्हणजे रुग्णालयाच्या धर्मगुरूला, फोन मीच लावते, आणि तो येईपर्यंत नातेवाइकांचा हात धरून मीच उभी असते. पण रुग्णाचा श्वास तपासून औषध लिहून देणारी बाई व्यावसायिक नाही आणि नंतर प्रार्थना म्हणणारा व्यावसायिक, ही वाटणी मला अजून समजलेली नाही. अमेरिकन नर्सेस असोसिएशनने आणि नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेने या व्याख्येला विरोध केला. तो लढा त्या लढतील. मला बोलायचं आहे ते आपल्या घरातलं.

कारण आकड्यांत एक मेख आहे, ती वरवर वाचताना निसटते. सगळे ‘एक लाखाची मर्यादा’ म्हणून बोलतात. पण भूल देणारी नर्स, म्हणजे सीआरएनए, व्हायला साधारण ३ वर्षं लागतात. २०२२ पासून तिथे डॉक्टरेटच लागते, किमान २,००० तास क्लिनिकल असतं, आणि नोकरी करत ते शिकणं जवळजवळ अशक्य आहे. बहुतेक ठिकाणी तर नोकरी करू नका असं आधीच बजावतात. वर्षाला २०,५०० म्हणजे ३ वर्षांत ६१,५००. लाखाची मर्यादा गाठायची वेळच येत नाही, त्याच्या कितीतरी आधी वर्षाची मर्यादा आडवी येते. वकील होणाऱ्याला त्याच ३ वर्षांत दीड लाख.

दुसरी मेख आपल्या बायकांना जास्त बोचणारी आहे. नव्या कायद्यात पूर्णवेळ न शिकणाऱ्याची वार्षिक मर्यादा त्या प्रमाणात कमी होते. समजा विद्यापीठ ९ क्रेडिट्सना पूर्णवेळ मानतं आणि नोकरी सांभाळत तुम्ही ६ घेतलीत, तर २०,५०० चे होतात सुमारे १३,६६०. म्हणजे घर चालवण्यासाठी शिफ्ट सोडता येत नाही म्हणून जी हळूहळू शिकते, तिलाच दर वर्षी कमी कर्ज. आणि शिफ्ट सोडून पूर्णवेळ शिकली तर मघाचे ३३,७५० बुडतात. कात्रीची दोन्ही पाती अशी नेमकी जुळलेली क्वचितच बघायला मिळतात. माझा अंदाज असा की हे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नर्स नव्हतीच. तुमच्या शिष्यवृत्तीच्या अटी लिहिणाऱ्यांच्याही नव्हती. दोन्हीकडे विद्यार्थी म्हणजे पाठीवर सॅक लावलेला तरुण मुलगा.

हे सगळं झालं ग्रीन कार्डवाल्यांचं. सरकारी मदतीचा फॅफ्सा फॉर्म भरायला नागरिक किंवा कायम रहिवासी असावं लागतं, निर्वासित वगैरे काही थोड्यांना सूट आहे. आपल्यात एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या एच-वन या नोकरीच्या व्हिसाच्या आधाराने, आलेल्या नर्स किती आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, त्या तुमच्या हळदीकुंकवाला येतात. नवरा एच-वन, ग्रीन कार्डची रांग दशकाची. एच-फोरवर शिकायला परवानगी आहे, पण सरकारी कर्जाचा एक डॉलर नाही. मग उरतं खाजगी कर्ज, आणि त्याला बहुतेक वेळा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक को-सायनर, म्हणजे सोबत सही करणारा हमीदार, लागतो. इथे एक सावधगिरीचं सांगते, कारण मंडळातले काका अशा वेळी प्रेमाने पुढे होतात. को-सायनर होणं म्हणजे शिफारसपत्र देणं नव्हे. हप्ता चुकला की कर्ज तुमचं, क्रेडिट स्कोअर तुमचा, आणि एका चांगल्या नात्याची माती. माझ्या ओळखीत हे झालं आहे. दोन्ही कुटुंबं आता गणपतीला वेगवेगळ्या वेळी येतात.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, बाई रडगाणं गातात. नाही. पैसा आहे. बऱ्याच ठिकाणी आहे. तो आपल्या बायकांपर्यंत पोचत नाही, कारण तो कुठे आहे हे त्यांना कुणी सांगत नाही.

सगळ्यात जवळचा पैसा मालकाकडे असतो. आयकर कायद्याच्या कलम १२७ खाली रुग्णालय आपल्या नर्सला शिक्षणासाठी वर्षाला ५,२५० डॉलर करमुक्त देऊ शकतं. १९८६ पासून तो आकडा हलला नव्हता, आता नव्या कायद्याने तो २०२६ नंतर महागाईप्रमाणे वाढत जाईल. (त्या कायद्याबद्दल मी एवढं बोलले, तर हेही त्याच्याच खात्यावर मांडायला हवं.) पुष्कळ रुग्णालयं हे पैसे देतात, आणि पुष्कळ नर्सेस मागतच नाहीत. यात एक बारीक गोष्ट आहे, ती मला माझ्या तिसऱ्या वर्षी कळली. मर्यादा कॅलेंडर वर्षाची आहे, शैक्षणिक वर्षाची नाही. ऑगस्टमध्ये सुरू करून तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात संपवलंत तर ३ शैक्षणिक वर्षांत ४ कॅलेंडर वर्षं येतात. १५,७५० ऐवजी २१,०००. फीची पावती कोणत्या महिन्यात सादर करायची एवढ्याच अकलेचा हा फरक.

मात्र सही करण्याआधी करार वाचायला हवा. पैसे घेतल्यावर अमुक वर्षं नोकरी सोडायची नाही, सोडली तर सगळं परत, असं कलम बहुधा असतं. एजन्सीमार्फत आलेल्या नर्सच्या अंगावर आधीच एक करार असतो, त्यावर हा दुसरा चढतो. दोन करारांच्या तारखा जुळत नसल्या की ती नोकरी बदलू शकत नाही आणि क्लिनिकसाठी वेळही काढू शकत नाही. माझी एक मैत्रीण अशीच दीड वर्ष अडकून पडली होती. करार तिने वाचला होता. इंग्रजी तिला येत होतं, वकिली येत नव्हती. मंडळात तर वकील आहेत.

मग सरकारचा दुसरा खिसा, शिक्षण खात्याचा नव्हे तर आरोग्य खात्याचा. १९६४ च्या नर्स प्रशिक्षण कायद्यापासून नर्सिंगसाठी वेगळे पैसे येत आले आहेत. नर्स कॉर्प्स शिष्यवृत्ती फी भरते आणि वर दरमहा खर्चाला पैसेही देते. बदल्यात किमान २ वर्षं नर्सेसचा तुटवडा असलेल्या ठिकाणी काम करायचं. स्पर्धा मोठी आहे, आर्थिक गरज असलेल्यांना आधी घेतात, आणि अट मोडली तर पैसे व्याजासकट परत. त्यांचीच कर्जफेड योजना आहे: २ वर्षांच्या सेवेत नर्सिंगच्या शिल्लक कर्जाचे ६० टक्के, तिसरं वर्ष केलं तर मूळ रकमेचे आणखी २५ टक्के. त्यावर कर लागतो हे मात्र आधीच हिशेबात धरावं, नाहीतर एप्रिलमध्ये डोळ्यांत पाणी येतं. शिकवण्याची आवड असेल तर नर्स फॅकल्टी लोन आहे. ते विद्यापीठामार्फत मिळतं, आणि पदवीनंतर ४ वर्षं पूर्णवेळ शिकवलं तर ८५ टक्क्यांपर्यंत माफ होतं. नर्सिंग शिकवायला माणसं मिळत नाहीत ही इथली जुनीच ओरड आहे. आपल्या कितीतरी जणी महाराष्ट्रात ट्यूटर होत्या, पण इथे तो विचारही त्यांच्या मनाला शिवत नाही.

याशिवाय ना-नफा किंवा सरकारी रुग्णालयात नोकरी करून १२० हप्ते भरले की उरलेलं सरकारी कर्ज माफ होण्याची २००७ पासूनची योजना आहे. आणि दर वर्षी २,००० डॉलरपर्यंतची लाइफटाइम लर्निंग क्रेडिट ही करसवलत आहे, उत्पन्नाची मर्यादा सांभाळून. ती पदव्युत्तर शिक्षणालाही लागू आहे. आपले लोक मुलांच्या कॉलेजसाठीची सवलत बरोबर घेतात आणि बायकोच्या शिक्षणाची विसरतात. यावर मी काही बोलत नाही.

एक गैरसमज तर इतका पसरलेला आहे की तो मंडळाच्या फलकावर लिहून लावावा. ‘माझा नवरा आयटीत आहे, आम्हाला थोडीच काही मिळणार’ असं म्हणत कितीतरी जणी फॅफ्सा भरतच नाहीत. पदव्युत्तर विद्यार्थी या फॉर्मसाठी स्वतंत्र धरला जातो. आईवडिलांचं उत्पन्न लागत नाही, नवऱ्याचं लागतं, हे खरं. पण ते २०,५०० चं कर्ज गरज बघून दिलंच जात नाही. नवरा कितीही कमवत असो, मर्यादेपर्यंत ते मिळतं. शिवाय विद्यापीठांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्यांसाठीही पुष्कळदा तोच फॉर्म भरलेला लागतो. फॉर्म साधारण १ ऑक्टोबरला खुला होतो, आणि विद्यापीठांचे पैसे पुष्कळदा आधी येईल त्याला वाटले जातात. आपण मार्चमध्ये जागे होतो.

आता तुम्हाला काय मागते ते सांगते.

पहिलं म्हणजे अटींमधलं ते ‘हायस्कूल उत्तीर्ण विद्यार्थी’ काढा, किंवा त्याच्या शेजारी एक जागा नोकरी करत शिकणाऱ्यांसाठी ठेवा. वयाची अट काढा. नर्सिंग ‘मेडिकल’मध्ये येतं का असा प्रश्न पुन्हा कुणाला पडणार नाही असं स्पष्ट लिहा. एच-फोरवालीला आणि स्टुडंट व्हिसावालीला अर्ज करता येईल असंही लिहा, कारण तिला दुसरं कुणीच देत नाही.

रकमेबद्दल तुम्ही म्हणाल, आमच्याकडे हजार-दोन हजारच असतात, त्याने काय होणार? मी तुम्हाला ते वेगळ्या मापात मोजून देते. मघाच्याच वेतनाने १२ तासांच्या शिफ्टचे होतात ५४० डॉलर. म्हणून शिष्यवृत्ती डॉलरमध्ये नव्हे, शिफ्टमध्ये मोजा. देणगी मागताना ‘शिक्षणासाठी मदत करा’ असं म्हणू नका, ‘एका नर्सची एक शिफ्ट द्या’ म्हणा. दहा कुटुंबांनी एकेक शिफ्ट दिली तर सेमिस्टरमधल्या दहा रात्री ती झोपेल आणि दिवसा जागी राहून माणसं तपासायला शिकेल. फक्त धनादेश तिच्या नावे न काढता विद्यापीठाच्या नावे काढा. फीला गेलेली शिष्यवृत्ती करमुक्त असते, घरखर्चाला गेलेली करपात्र. फीचा भार उतरला की तिच्या पगारातला तेवढा भाग मोकळा होतो आणि शिफ्ट सोडता येते.

आणि जे मागायला मला सगळ्यात जास्त संकोच वाटतो, त्याला एक पैसाही लागत नाही. प्रिसेप्टर. पुष्कळ ऑनलाइन अभ्यासक्रम सांगतात, तुमचा प्रिसेप्टर तुम्हीच शोधा. इथे जन्मलेल्या मुलीला तिचा फॅमिली डॉक्टर असतो, आईची मैत्रीण असते. आपली मुलगी चाळीस दवाखान्यांना फोन करते आणि शेवटी प्रिसेप्टर जुळवून देणाऱ्या कंपनीला पैसे मोजते, म्हणजे जिथे तिला फुकट राबायचं आहे त्या जागेसाठीही पैसे. तुमच्या प्रत्येक मंडळात डॉक्टर आहेत. फॅमिली मेडिसिनचे आहेत, इंटर्नल मेडिसिनचे आहेत, स्वतःचा दवाखाना असलेले आहेत. नर्स प्रॅक्टिशनरच्या विद्यार्थिनीला तेही शिकवू शकतात. दिवाळी कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसणाऱ्या या मंडळींना एकदा विचारा, वर्षाला एका मुलीला शे-दोनशे तास दवाखान्यात उभं राहू द्याल का? मी विचारलं असतं, पण त्यांच्या लेखी मी हॉस्पिटलमध्ये असते ती.

आपण दर महिला दिनाला आनंदीबाई जोशींचा फोटो लावतो आणि हार घालतो. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या, हे व्यासपीठावरून दर वर्षी सांगितलं जातं. त्याआधीचं फारसं कुणी सांगत नाही. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारं पत्र एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलं होतं. धर्मांतराची तयारी नाही म्हटल्यावर मदत मिळाली नाही. पण तो पत्रव्यवहार मासिकात छापून आला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावची एक गृहिणी, मिसेस कार्पेंटर, दातांच्या डॉक्टरकडे वाट बघत बसली असताना तिने तो वाचला आणि पत्र धाडलं. आनंदीबाई इथे आल्या त्या तिच्या घरी, आणि तिला मावशी म्हणत. म्हणजे अर्ज ज्याच्याकडे गेला त्याने तो नाकारला, आणि नाकारलेला अर्ज तिसऱ्याच बाईच्या हाती पडला.

मी हे पत्र खुलं लिहिते आहे ते त्यासाठीच. समितीने नाही म्हटलं तरी हरकत नाही, दुसरं कुणी वाचेल. केरळच्या बायकांनी हे केव्हाच ओळखलं. भारतीय नर्सेसची राष्ट्रीय संघटना २००६ मध्ये उभी राहिली त्यात पुढाकार त्यांचाच होता. तिथे गेलं की सगळ्या बोलण्यात मल्याळम असतं, मला समजत नाही, पण कोणत्या विद्यापीठात संघटनेच्या सभासदांना फीत सूट आहे हे शेजारची बाई इंग्रजीत समजावून सांगते आणि वर चहा आणून देते. आपल्याकडे नाटकाचा दौरा ठरवायला तीन बैठका होतात. त्यातल्या एका बैठकीत मला दहा मिनिटं द्या. मी आकडे घेऊन येईन, भाषण करणार नाही.

त्या मुलीने शेवटी शिकायला सुरुवात केली. सेमिस्टरला दोनच विषय घेते, कर्ज त्या प्रमाणात कमी मिळतं, रात्रपाळी चालू आहे. प्रिसेप्टर अजून मिळालेला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर म्हटलं तर नको म्हणते. “ताई, परत ‘कमावते ना’ ऐकायचं नाही मला.” मी आग्रह केला नाही. तिचा गेल्या वर्षीचा अर्ज माझ्याकडे आहे, तसाच्या तसा, शिफारसपत्रांसकट. हवा असेल त्याने मागून घ्यावा.

आपली,
मंडळाची एक सभासद, पेशाने नर्स

ता. क. फॅफ्सा भरायला पैसे लागत नाहीत. गेल्या महिन्यात आपल्याच एका सभासद बाईंनी तो फॉर्म ‘भरून देणाऱ्या’ कुणालातरी पैसे दिले, म्हणून मुद्दाम लिहिते. ज्यांना अडचण येते त्यांनी रविवारी दुपारी माझ्याकडे यावं. फक्त शनिवारी रात्री माझी ड्यूटी असते, तेव्हा दोनच्या आधी बेल वाजवू नये.